खोट्या नावाने बोटीवर: लॉस एंजेलिसमधले काही दिवस

पहिला दिवस: लाँग बीच

फ्रीवे सोडून बंदराकडे वळलं की क्रेनच्या गर्दीतून तीन तांबडी धुरांडी डोकं वर काढतात. ती 'क्वीन मेरी'. २७ मे १९३६ रोजी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीला निघालेली, हजार फुटांहून लांब बोट. १९६७ च्या डिसेंबरात ती इथे लाँग बीचला आली आणि मग कुठेच गेली नाही. आता तिचं हॉटेल झालंय. आत्याने आमच्या दोघींसाठी तिच्यावरची एक केबिन रात्रीपुरती घेतली होती. "पिक्चरमधल्या बोटींचा अभ्यास करायचाय ना तुला? मग आधी खऱ्या बोटीवर झोपून बघ," असं तिने फोनवरच बजावलं होतं.

या प्रवासाचा विषय आमच्या दोघींच्या आवडीचा आहे. १९३४ नंतरच्या पंधरा-एक वर्षांत हॉलीवूडने धावत्या संवादांचे, वेड्या प्रेमिकांचे जे विनोदी पिक्चर काढले, त्यातले बोटीवर घडणारे. आणि त्यातही, कुणीतरी दुसऱ्याच्याच नावाने प्रवास करतंय असे. आत्या लग्न करून लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसला आली तेव्हा दुपारी टीव्हीवर हे जुने पिक्चर लागायचे. नवऱ्याची गाडी संध्याकाळी परत येईपर्यंत तिला त्यांचीच सोबत. अमेरिकन बोलणं तिच्या कानाला तिथेच सवयीचं झालं. पुढे पुण्याला आली की ती डीव्हीडी घेऊन यायची आणि आम्ही दोघी जेवणं आटोपून बघत बसायचो. आत्याचा लाडका 'रोमान्स ऑन द हाय सीज' (१९४८), माझा 'द लेडी ईव्ह' (१९४१). दोन्हींत बोट आहे, दोन्हींत तोतयेगिरी आहे, आणि यातला कुठला सरस यावरून आमचं कित्येक वर्षं जमलेलं नाही.

केबिन पाहून आत्या खूश झाली. भिंतींना मूळचं लाकूड अजून तसंच आहे. ही बोट बांधताना जगभरातून पन्नासहून जास्त जातींचं लाकूड आणलं होतं, आणि जिन्याचा कठडा असो की कपाटाचं दार, प्रत्येकाची शीर वेगळी दिसते. पहिल्या वर्गाच्या न्हाणीघरांत टबाला चार नळ असायचे: गोडं गरम, गोडं थंड, खारं गरम, खारं थंड. ज्याला समुद्राच्या पाण्याने अंघोळ हवी त्याने ते घ्यावं. आता सगळं पाणी गावचं, पण नळांच्या मुठी जुन्याच ठेवल्यात.

रात्री गोल खिडकीखाली लॅपटॉप ठेवून आत्याचा पिक्चर लावला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं या गाठीवर उभं आहे.

न्यूयॉर्कची श्रीमंत एल्व्हिरा केंट. तिला नवऱ्याचा संशय आहे. सहलीचा बेत दरवेळी त्याच्या धंद्यापायी बारगळतो, आणि आता त्याच्या ऑफिसात देखणी सेक्रेटरी आलीय. ती ठरवते की आपण दक्षिण अमेरिकेच्या बोटीने निघाल्याचं भासवायचं, प्रत्यक्षात गावातच लपून त्याच्यावर पाळत ठेवायची. मग बोटीवर तिच्या नावाने कोण जाणार? जॉर्जिया गॅरेट. क्लबात गाणारी, कंगाल मुलगी. खिशात दमडी नसताना ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन लांबलांबचे प्रवास आखत बसणारी. तिला फुकटात रिओपर्यंतचा प्रवास मिळतो. अट एकच, केंटबाईंचं नाव आणि अब्रू दोन्ही सांभाळायचं. इकडे नवऱ्याला वाटतं, बायको एकटी जायला इतकी आनंदाने तयार कशी झाली? तो तिच्या मागावर एक खासगी डिटेक्टिव्ह पाठवतो. डिटेक्टिव्हला खरी केंटबाई कशी दिसते हे ठाऊक नाही. तो जॉर्जियाच्या मागे लागतो, तिला केंटबाई समजतो आणि तिच्या प्रेमात पडतो. आपण अशिलाच्या बायकोच्या प्रेमात पडलो म्हणून त्याला स्वतःची लाज वाटते. तीही त्याच्यावर भाळलेली, पण खरं सांगायची सोय नाही. त्यात तिचा जुना प्रेमिक वाटेत बोटीवर येऊन टपकतो, आणि डिटेक्टिव्ह घरी कळवतो की केंटबाईंचा यार सापडला.

आत्या म्हणाली, "बघ, यात मूर्ख कुणीच नाही. प्रत्येकाला खरं माहीत आहे, पण आपल्यापुरतंच. आणि बोललं की स्वतःचंच बिंग फुटतं." मी तिला म्हटलं, हे तर आपलं 'संशयकल्लोळ'. देवलांच्या, १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, कृत्तिका फाल्गुनरावावर, आणि एक तसबीर भलत्या हातात पडली की सगळे सरळ लोक गुन्हेगार दिसायला लागतात. त्या नाटकाचं मूळ मोलियरपर्यंत पोचतं. नवरा-बायकोचा परस्परसंशय हा माल जुना आहे. १९४८ च्या लेखकांनी त्याला पाण्यावर नेलं. घरात, गल्लीत, बागेत माणूस निघून जाऊ शकतो. बोटीवर पुढचं बंदर येईपर्यंत संशयिताला आणि संशय घेणाऱ्याला एकाच जेवणघरात बसावं लागतं.

दुसरा दिवस: बोटीवरच

जूनमध्ये इथे सकाळी समुद्रावरून राखाडी ढग येऊन बसतात आणि दुपारपर्यंत हलत नाहीत. डेकवर गारठा होता. आत्या शाल घेऊन खुर्चीत बसली आणि मी गाइडच्या मागे फिरत राहिले.

एवढ्या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडलं ते जुनं पहिल्या वर्गाचं जेवणघर. एका भिंतीवर अख्खा उत्तर अटलांटिक रंगवलेला आहे, एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क. मॅकडोनल्ड गिल या नकाशाकाराचं काम. त्या समुद्रावर काचेची छोटी बोट सरकायची आणि जेवणाऱ्यांना आपण आज कुठवर आलो ते दाखवायची. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. पिक्चरमध्ये जेव्हा कुणी म्हणतं, 'आता दोनच दिवस उरले', तेव्हा त्या वाक्यात केवढी घाई असते ते या भिंतीसमोर कळतं. खोटं नाव किनाऱ्यापर्यंतच चालणार, आणि किनारा रोज बोटभर जवळ येतोय, सूप पिताना समोर दिसतोय.

मग गाइडने वर्गांची दारं दाखवली. सुरुवातीला या बोटीवर केबिन (म्हणजेच पहिला), टुरिस्ट आणि थर्ड असे तीन वर्ग होते, आणि एका वर्गातून दुसऱ्यात जायच्या वाटा बंद. प्रत्येक वर्गाचं जेवणघर वेगळं, डेक वेगळा, बसायच्या खोल्या वेगळ्या. प्रवाशांची छापील यादी केबिनमध्ये पोचवायचे, म्हणजे आपल्याबरोबर कोण आहे ते पहिल्याच दिवशी वाचून घ्यायचं. हे ऐकल्यावर 'लेडी ईव्ह'ची सुरुवात मला नव्याने दिसली. त्यातले बापलेक पत्त्यांत ठकवणारे आहेत. त्यांना पहिल्या वर्गाचं तिकीट काढणं भाग आहे, कारण शिकार तिथेच जेवते. असे ठक खऱ्या बोटींवरही फिरायचे. धंदेवाईक जुगाऱ्यांपासून सावध राहा, अशा सूचना कंपन्या बोटींवर लावत असत. शिकार आहे चार्ल्स पाइक, दारूच्या कारखानदाराचा मुलगा. ॲमेझॉनच्या जंगलात वर्षभर साप गोळा करून तो परत निघालाय. शिडीने बोटीवर चढताना वरून ठकाची मुलगी जीन त्याच्या डोक्यावर सफरचंद टाकते. त्यानंतर जेवणघरात ती पाठमोरी बसून पावडरच्या डबीच्या आरशातून पाहते: एकेक बाई त्याचं लक्ष वेधायचा कसा प्रयत्न करतेय, आणि हा पुस्तकातून मान वर काढत नाही. आरशात बघत ती प्रत्येकीच्या मनातलं स्वतःच बोलत राहते. तो टेबलाशेजारून जातो तेव्हा ही पाय पुढे करते, तो आडवा पडतो, तिची टाच मोडते, आणि नवी चपलेची जोडी आणायला त्याला तिच्या केबिनपर्यंत जावं लागतं. जीन म्हणजे बार्बरा स्टॅनविक आणि चार्ल्स म्हणजे हेन्री फोंडा. मला यापेक्षा देखणी सुरुवात कुठल्याच विनोदी पिक्चरची माहीत नाही.

दुपारी युद्धाच्या दालनात गेलो आणि आत्याने माझा हात धरला. "हे वाच." क्वीन मेरीला युद्धात राखाडी रंग फासून सैनिक वाहायला लावलं होतं, १९४३ च्या जुलैत एका फेरीत तिने १६,६८३ माणसं नेली. त्याच वर्षी मे महिन्यात चर्चिल रूझवेल्टना भेटायला अमेरिकेला निघाले ते या बोटीने. प्रवाशांत त्यांचं नाव कर्नल वॉर्डन. शत्रूच्या हेरांनी भलताच अंदाज बांधावा म्हणून बोटीवर डच भाषेतल्या पाट्या लावल्या होत्या, जणू हॉलंडची राणी विल्हेल्मिनाच येतेय. आणि खालच्या डेकवर सुमारे पाच हजार जर्मन युद्धकैदी. आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर कोण फिरतंय याची त्यांना दाद नाही. हीच गोष्ट पिक्चरमध्ये घातली असती तर समीक्षकांनी अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती. खोटी यादी, खोट्या पाट्या, भलत्याच माणसाची हूल: फार्सची सगळी हत्यारं इथे जगाच्या लढाईसाठी वापरली गेली, आणि ती चालली.

निघताना शेजारच्या धक्क्यावर आजच्या सहलीची एक पांढरी बोट उभी होती, क्वीन मेरीहून कितीतरी उंच. शिडीपाशी प्रत्येक प्रवासी कार्ड टेकवत होता आणि कर्मचाऱ्यापुढच्या पडद्यावर त्याचा चेहरा उमटत होता. जॉर्जिया गॅरेट या शिडीवरूनच परत गेली असती.

तिसरा दिवस: कॅटलिना

हा दिवस खरं म्हणजे समुद्राचा. लाँग बीचहून छोट्या वेगवान बोटीने कॅटलिना बेटावर तासाभरात पोचतो. वाटेत डॉल्फिन दिसले, आत्याला बोट लागली नाही, ॲव्हलॉन गावात मोटारींऐवजी गोल्फच्या गाड्या पळतात.

इथे मला बघायचं होतं ते 'कसिनो'. नाव तसं असलं तरी तिथे जुगार कधी खेळला गेला नाही. च्युइंग गमवाल्या रिग्लींनी १९२९ साली बांधलेली ही गोल, पांढरी इमारत. खाली थिएटर, वर प्रचंड नाचघर. बोलपटांसाठी म्हणून आखलेल्या पहिल्या थिएटरांपैकी हे एक, आणि हॉलीवूडची मंडळी आपल्या यॉटमधून येऊन इथे नवे पिक्चर बघायची. वर जायला जिन्यांऐवजी उतार आहेत, हजारो माणसं भराभर चढावी-उतरावी म्हणून.

नाचघरात उभं राहून मी आत्याला जॉर्जिया झालेल्या डोरिस डेबद्दल विचारलं, कारण ती याच जगातली. मोठ्या वाद्यवृंदांच्या नाचाच्या रात्री, रेडिओवरून थेट प्रक्षेपण, आणि मायक्रोफोनपाशी एक गाणारी मुलगी. लेस ब्राउनच्या वाद्यवृंदात ती गायची. त्याआधी तिला नर्तकी व्हायचं होतं. १९३७ साली आगगाडीने मोटारीला धडक दिली, पाय मोडला आणि ती गाण्याकडे वळली. 'रोमान्स ऑन द हाय सीज' हा तिचा पहिला पिक्चर. ती जागा मुळात बेटी हटन या नटीची. तिला दिवस गेले म्हणून नवीन मुलगी शोधावी लागली. म्हणजे एकीच्या नावाने आखलेल्या प्रवासाला दुसरीच निघाली. आत्याला हा योग फार आवडतो, आणि मलाही त्यात काहीतरी आहे असं वाटतं: श्रीमंत बाईचे कपडे घालून वावरणाऱ्या जॉर्जियाच्या चालण्यात जो नवखेपणा आहे, 'हे खरंच माझ्या वाट्याला आलंय का' असा, तो अभिनयाने येत नाही. त्यातलं 'इट्स मॅजिक' हे गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. तिचा आवाज ऐकताना समोर कुणी मोठी गायिका आहे असं वाटतच नाही, शेजारच्या खुर्चीवरून कुणी आपल्याशी बोलतंय असं वाटतं.

चौथा दिवस: बर्बँक

वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओची फेरी. काका आज बरोबर होते. त्यांना जुन्या पिक्चरांचं प्रेम नाही, पण यंत्रं कशी चालतात ते बघायला त्यांना आवडतं, आणि आज त्यांची चंगळ होती.

न्यूयॉर्कची गल्ली इथे आहे. पायऱ्या, आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी शिड्या, दुकानांच्या काचा, आणि दार उघडलं की मागे काहीच नाही. उंच सोळा नंबरच्या स्टेजखाली पाण्याचा हौद आहे. काकांनी गाइडला हौद भरायला किती वेळ लागतो, पाणी गरम ठेवतात का, असं सगळं विचारून घेतलं. १९४० साली 'द सी हॉक' या समुद्री साहसपटासाठी वॉर्नरने अख्ख्या आकाराची गलबतं उभी राहतील असं नवं स्टेज बांधलं होतं. त्याचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. आत्याच्या बोटीचाही दिग्दर्शक तोच.

आणि इथे मला एक गोष्ट उमगली, ती जरा सविस्तर सांगते. कर्टिझ, लेखक म्हणून ज्युलियस आणि फिलिप एपस्टीन हे जुळे भाऊ, आणि गालांवर हात आपटून घेणारा गुबगुबीत नट एस. झेड. सकाल: ही सगळी मंडळी सहा वर्षं आधी 'कॅसाब्लांका'त, युद्धात अडकलेल्या निर्वासितांच्या पिक्चरमध्ये, एकत्र होती. तिथे सगळा जीव एका कागदात अडकलेला. प्रवासाचा परवाना ज्याच्या हातात, तो सुटला. नाव कुणाचं घालायचं ते शेवटच्या क्षणी ठरतं. युद्ध संपलं, आणि याच लोकांनी परत प्रवासाचे कागद, परत एका नावावर दुसरं माणूस असा डाव मांडला, पण या वेळी हसण्यासाठी. १९४२ साली खोट्या नावाने निघालेला माणूस पकडला गेला तर छावणीत जाणार होता. १९४८ साली तो पकडला गेला तर लग्न होणार होतं. मधल्या सहा वर्षांत जगाने काय सोसलं होतं ते लक्षात घेतलं की त्या पिक्चरचे भडक रंग, रिओचं ते उत्सवी वातावरण, बझ्बी बर्कलीने बसवलेली ती गाणी हे सगळं मला उथळ वाटत नाही. लोकांना परत बोटीत बसून नुसतं फिरायला जायचं होतं. सैन्य वाहून थकलेल्या बोटी त्याच काळात पुन्हा रंगवून, गाद्या घालून सहलींना सोडल्या जात होत्या.

आत्याच्या पिक्चरचे जादा संवाद लिहिणाऱ्यांत आय. ए. एल. डायमंडचं नाव आहे. पुढे १९५९ मध्ये दिग्दर्शक बिली वाइल्डरबरोबर त्याने 'सम लाइक इट हॉट' लिहिला: पोरींच्या वेशातले दोन वादक आणि दुसऱ्याच्या यॉटवर लक्षाधीश म्हणून मिरवणारा नायक. धागा सरळ दिसतो.

जेवताना काका म्हणाले, "ते सगळं ठीक, पण एवढ्या बोटीवर एकालाही संशय येत नाही?" आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाली, "येतो ना. संशय सगळ्यांनाच येतो. फक्त चुकीच्या माणसाचा येतो." काकांनी यावर दुसऱ्यांदा कॉफी मागवली.

पाचवा दिवस: घरी

कुठे गेलो नाही. सकाळी पायोनियर बुलेव्हार्डला भाजी आणि किराणा, दुपारी झोप, संध्याकाळी शेजारच्या मराठी कुटुंबाकडे थालीपीठ. रात्री मार्क्स बंधूंचा 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' (१९३५) लावला: बोटीवरची टिचभर केबिन आणि त्यात एकेक करून शिरणारी पंधरा माणसं. काका मोठ्याने हसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

सहावा दिवस: मेलरोज अव्हेन्यू

पॅरामाउंट स्टुडिओ १९२६ पासून इथे आहे. 'लेडी ईव्ह'चं अख्खं जहाज याच कुंपणाआड उभारलं होतं, आणि म्हणून माझ्या दृष्टीने हा प्रवासाचा मुख्य दिवस. आत्या प्रतिस्पर्ध्याच्या गावी आल्यासारखी शांत होती.

फेरीत मोटारी लावायची एक खोलगट जागा दाखवतात. एका बाजूला प्रचंड भिंत, निळं आकाश आणि ढग रंगवलेली. गाड्या हलवायच्या, पाणी भरायचं, की झाला समुद्र. १९५६ च्या 'टेन कमांडमेंट्स'मधल्या दुभंगणाऱ्या समुद्राचं काम या हौदाने केलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे गाड्याच होत्या. त्या भिंतीपुढे उभं राहिलं की एक समजतं: समुद्र या पिक्चरांना फारसा लागतच नव्हता. कठडा, शिडी, जेवणघर, केबिनचं दार आणि ठकांचे फोटो बाळगणारा पर्सर (बोटीवरचा हिशेबनीस अधिकारी), एवढं पुरे.

पर्सरचाच फोटो घात करतो. जीनच्या प्रेमात बुडालेल्या चार्ल्सला बापलेक ठक असल्याचा पुरावा म्हणून तो फोटो दाखवतात आणि तो तिच्याकडे पाठ फिरवतो. तिने मात्र आदल्याच रात्री ठरवलेलं असतं की याला लुबाडायचं नाही, बापालाही लुबाडू द्यायचं नाही. मला हा पिक्चर वरचा वाटतो तो इथून पुढे. ती दुखावते, आणि कनेटिकटला त्याच्याच बापाच्या घरी इंग्लंडची लेडी ईव्ह म्हणून जाते. केसांचा टोप नाही, चष्मा नाही, काही नाही. बोलण्याचा ढंग इंग्रजी आणि अंगावर ईडिथ हेडने केलेले कपडे. चार्ल्सचा नोकर मग्सी ओरडून सांगतोय की ही तीच बाई. चार्ल्सचं तर्कशास्त्र वेगळं: तोतया असती तर तिने निदान केस रंगवले असते. इतकी हुबेहूब सारखी आहे, म्हणजे ती नव्हेच.

बोटीवरच्या इतर सगळ्या फार्सांत माणूस कागदाला फसतो. लेखक-दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसच्या या पिक्चरमध्ये तो बघत असताना फसतो. जिच्या अत्तराच्या वासाने ज्याला चक्कर आली होती, तो तिला ओळखत नाही, कारण फोटो दाखवला त्या दिवशी त्याने तिचं काय ते ठरवून टाकलं होतं. हसून मुरकुंडी वळते आणि त्याच वेळी मला त्याचा रागही येतो. आत्याच्या पिक्चरमध्ये गाठ सुंदर आहे. गाठ सुटली की गोष्ट संपते. माझ्या पिक्चरमध्ये गाठ सुटल्यावर माणूस उरतो. हे मी तिला तिथेच, त्या रंगवलेल्या आकाशाखाली सांगितलं. ती म्हणाली, "तुझी जीन हुशार आहे. माझी जॉर्जिया गरीब आहे. दोघींना बोटीवर चढायला खोटं नाव लागलं, तर मला गरीब मुलीची काळजी जास्त वाटणार." याला उत्तर सोपं नाही, आणि मी द्यायला गेले नाही.

सातवा दिवस: ला सिएनेगावरचं ग्रंथालय

बेव्हर्ली हिल्सच्या कडेला १९२८ साली बांधलेलं एक जुनं जलशुद्धीकरण केंद्र आहे, मनोरा असलेलं. चित्रपट अकादमीने त्यात मार्गारेट हेरिक ग्रंथालय थाटलंय. ओळखपत्र दाखवून, आगाऊ वेळ ठरवून कुणालाही बसता येतं. पिशवी बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. मला हव्या होत्या त्या सेन्सॉरच्या फायली. हॉलीवूडने स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता १९३० ची. १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीनच्या कचेरीने ती सक्तीने राबवली. पटकथा आधी तिथे जायची, पत्र यायचं, बदल व्हायचे, मग पिक्चर.

'लेडी ईव्ह'च्या बाबतीत कचेरीची हरकत सरळ होती: नायक-नायिकेचा लग्नाशिवाय संबंध आल्याचं सुचतंय, ते चालणार नाही. स्टर्जेसने पटकथा दुरुस्त केली आणि परवानगी मिळवली. आता पिक्चरचा शेवट बघा. ईव्ह म्हणून तिने चार्ल्सशी लग्न केलंय, पहिल्याच रात्री आगगाडीत जुन्या प्रेमिकांची यादी ऐकवून त्याला पळवून लावलंय. तो परत बोटीवर येतो. जीन परत पाय पुढे करते, तो परत पडतो. जीन सापडली म्हणून तो आनंदाने वेडा होतो, तिला ओढत केबिनपर्यंत नेतो आणि दारात प्रामाणिकपणे सांगतो की माझं लग्न झालंय. ती म्हणते, माझंही झालंय. दार बंद.

तो समजतो की आपण परक्या बाईच्या केबिनमध्ये चाललोय. ती जाणते की ती त्याची बायको आहे. प्रेक्षकही जाणतो. ब्रीनच्या कचेरीला कायद्याने लग्न झालेली दोन माणसं एका केबिनमध्ये शिरताना दिसली. बोलायला जागाच उरली नाही. तेच आत्याच्या पिक्चरमध्ये. डिटेक्टिव्ह अशिलाच्या बायकोवर प्रेम करतोय, पडद्यावर अख्खा पिक्चरभर एक परपुरुष 'केंटबाईं'च्या डोळ्यांत बघून झुरतोय. आम्हाला मात्र पहिल्यापासून ठाऊक आहे की ती जॉर्जिया आहे, बिनलग्नाची. व्यभिचाराची सगळी धडधड मिळते आणि व्यभिचार कुठेच नसतो. खोटं नाव हा नुसता हसण्याचा मसाला नव्हता. त्या वर्षांत ज्या गोष्टी पडद्यावर दाखवायला मनाई होती त्यांचा तो परवाना होता, आणि म्हणूनच त्या काळात तो इतक्या वेळा, इतक्या बुद्धीने वापरला गेला. पुढे संहिता सैल होत गेली आणि १९६८ मध्ये तिची जागा वयानुसार वर्गवारीने घेतली. त्यानंतर तोतयांचे पिक्चर निघाले, पण ती निकड त्यांच्यात मला दिसत नाही.

आत्या शेजारी बसून तिच्या पिक्चरची जुनी प्रसिद्धीपत्रकं बघत होती. मी कुजबुजत तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सेन्सॉरला पण बोटीवर खोट्या नावानेच चढवलं." आणि वाचनालयातल्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं.

ज्यांना हे दोन्ही पिक्चर नव्याने बघायचे असतील त्यांनी आधी आत्याचा बघावा, मग माझा. पहिल्यात कुणाला काय माहीत आहे याचा हिशेब मनात चालू ठेवा, कारण शेवटी रिओच्या हॉटेलात खरी केंटबाई, नवरा, डिटेक्टिव्ह आणि जॉर्जिया एकत्र येतात तेव्हा तो हिशेब लागतो. दुसऱ्यात मग्सीवर नजर ठेवा. घरात शहाणा तोच एकटा, आणि शेवटचं वाक्य स्टर्जेसने त्यालाच दिलंय.